अध्यक्षस्थानी झुडूप

माणसाला राहायला घर लागते, हे सत्य नियोजनशास्त्राने फार उशिरा आणि बरेचसे नाइलाजाने मान्य केले. त्याआधी शास्त्राचे उत्तम चालले होते. रस्ते रुंद होते, चौक गोल होते आणि नकाशे चौकट करून भिंतीवर लावावेत इतके देखणे निघत. मग त्या नकाशांत माणसे राहायला आली आणि त्यांनी गॅलऱ्यांतून दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले. नकाशात दोऱ्या नव्हत्या. शास्त्राच्या इतिहासातला हा सगळ्यात दुःखद प्रसंग मानला जातो.

ह्या धक्क्यातून सावरण्यासाठी निरनिराळ्या कार्यालयांनी निरनिराळे उपाय केले. कुणी दोऱ्यांवर बंदी घातली, कुणी गॅलऱ्यांवर. पण दुखण्याच्या मुळाशी जाण्याचा मान मिळाला तो एका मध्यम आकाराच्या शहराच्या नगररचना कार्यालयाला. हे कार्यालय इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट आहे. ती दुसऱ्या मजल्यापर्यंत जाते (तिसरा मजला नकाशात नंतर आठवला).

ह्याच कार्यालयात पट्टीभाऊ नोकरीला होते. हुद्दा आरेखक. म्हणजे साहेबांनी हवेत हात फिरवून जे काही सांगायचे ते ह्यांनी कागदावर सरळ रेषेत आणायचे. शर्टाच्या खिशातून स्टीलची पट्टी कायम डोकावत असल्यामुळे त्यांना हे नाव पडले होते, आणि आता खुद्द त्यांची आईसुद्धा पाहुण्यांसमोर त्यांचा उल्लेख तसाच करी. हात इतका पक्का की शिंक आली तरी रेघ हलायची नाही. स्वभाव गरीब. वरून हुकूम आला की खोडायचे, खोडून झाले की पुन्हा काढायचे, आणि पुन्हा खोडा म्हणाले तर "मला वाटलंच होतं" असे मनातल्या मनातसुद्धा म्हणायचे नाही, हा त्यांचा बाणा.

पण गरीब माणसालाही गरज असतेच. पट्टीभाऊ भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. बाहेरच्या खोलीत टीव्ही, टीव्हीसमोर आई आणि आईला खेटून वॉशिंग मशीन. आतल्या खोलीत स्वयंपाक, कपाट, पलंग आणि संसार. लेकीची यंदा मोठी परीक्षा होती आणि तिचे अभ्यासाचे टेबल म्हणजे ते वॉशिंग मशीन. मशीन कपडे पिळायला लागले की पोरीची भूमिती थरथरायला लागे. शाळेतल्या बाईंनी एकदा तिच्या वहीत लाल शाईने विचारले होते, "वर्तुळे घाबरल्यासारखी का?" टीव्हीचा आवाज जरा कमी कर म्हटले, की आई म्हणे, "कमी केला तर मला कसं कळायचं, कोण कुणाला फसवतंय ते?" तिचेही चूक नव्हते.

बायकोचे मागणे अगदी साधे होते. "अहो, मला बंगला नको, बाग नको, काही नको. पोरीला एक खोली हवी. त्या खोलीला दार हवं, आणि ते लागायला हवं. बास."

तेव्हा शहराच्या कडेला नवी वसाहत होणार आणि तिचा नकाशा काढणाऱ्या आरेखकाला कर्मचारी कोट्यातून त्यातले एक घर मिळणार, असे ठरले आणि पट्टीभाऊंना आकाश ठेंगणे झाले. पहिल्या आराखड्यात तीनशे घरे होती. कोपऱ्यातले एक त्यांनी स्वतःसाठी हेरले, त्यात लेकीची खोली काढली, आणि दार कुठल्या बाजूला उघडते हे दाखवणारी पाव वर्तुळाची रेघ इतर घरांपेक्षा किंचित दाबून काढली. त्याची एक प्रत घरी नेऊन दाखवली. बायकोने दारावर बोट ठेवले.

"कडी आतून ना?"

"आतून."

"अभ्यासाच्या खोलीला आतून कडी कशाला?" आईने टीव्हीवरची नजर न काढता विचारले.

"तुमच्यासाठीच," असे बायको म्हणाली नाही, ही गोष्ट तिच्या खात्यावर जमा धरायला हवी.

नेमके ह्याच सुमारास संचालकसाहेब एका परिषदेहून परतले. परिषदेत त्यांनी 'भूदृश्यप्रधान वसाहत' ही कल्पना ऐकली होती. ती समजावून सांगणारे सत्र जेवणानंतर होते, त्यामुळे साहेबांनी ते बरेचसे डोळे मिटून ऐकले. परंतु अर्थावाचून अडून बसणाऱ्यांतले ते नव्हते.

"आजवर आपण आधी घरं मांडायचो आणि उरलेल्या जागेत झाडं खुपसायचो," त्यांनी सभेत सांगितले. "आता उलट. टेकडी काय म्हणते, पाणी काय म्हणतं, झाड काय म्हणतं, ते आधी ऐकायचं. ह्यापुढे भूदृश्य नेतृत्व करील, आपण मागनं चालायचं."

विचार म्हणून ह्यात बोट ठेवायला जागा नाही. फक्त जागा एकदा पाहायला हवी होती. जिथे शहराचे डांबर संपते आणि पुढे काय करावे हे त्याला सुचत नाही, तिथे ती सुरू होते. तीत एक टेकडी, एक जलप्रवाह आणि एक वृक्ष आहे. टेकडी म्हणजे जुना बस डेपो पाडला तेव्हा ट्रकवाल्यांनी आणून ओतलेला राडारोडा. पावसाने धुपली की तिच्यातून 'धूम्रपान करू नये' अशी पाटी अजून वर येते. जलप्रवाह म्हणजे साबणाच्या कारखान्यामागून येणारा नाला. त्याला बारा महिने फेस असतो. वृक्ष मात्र खरा आहे. त्याला विजेचा खांब टेकलेला आहे. (झाड खांबाला टेकले आहे असे वीज खात्याचे म्हणणे. पत्रव्यवहार चालू आहे.)

सल्लागार म्हणून एक भूदृश्यतज्ज्ञ मॅडम नेमल्या गेल्या. त्या ह्या जागेवर अनवाणी चालल्या, टाचेत खिळा घुसला, आणि डोळ्यांत पाणी आणून त्या म्हणाल्या, "ही जागा बोलते."

भूदृश्याने नेतृत्व करायचे, इथवर कुणाचेच दुमत नव्हते. खोडा घातला तो सचिवांनी. सचिव नियमांचे पक्के होते. "साहेब, समितीचं नेतृत्व करतो तो अध्यक्ष. अध्यक्ष सभेला जातीनं हजर लागतो. नाहीतर ठराव बाद."

टेकडीला तिसऱ्या मजल्यावर आणणे व्यवहार्य नव्हते (लिफ्टचे वर आलेच आहे). बराच खल झाल्यावर असे ठरले, की जागेवरचे एखादे झुडूप तिथल्या मातीसकट उपटून कुंडीत लावावे आणि भूदृश्याचा प्राधिकृत प्रतिनिधी म्हणून त्याला अध्यक्षांच्या खुर्चीत बसवावे.

झुडूप आणले. उंची गुडघ्याएवढी, काटे पुष्कळ, फूल एकही नाही, जात अज्ञात. खुर्चीत ठेवल्यावर ते टेबलाखाली गडप व्हायला लागले, म्हणून कुंडीखाली नागरिकांच्या जुन्या तक्रारींचे दोन गठ्ठे सरकवले आणि अध्यक्षांचे मस्तक सभेला दिसू लागले. प्रत्येक सभेत त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवली जात. सभा संपली की ती अध्यक्षांच्या वतीने सचिव ग्रहण करीत. ह्या खुर्चीने आजवर अनेक अध्यक्ष पाहिले, पण तुलना करता हे उजवे होते. ते वेळेआधी हजर असत, मधेच उठून फोनवर बोलत नसत आणि "माझ्या मेहुण्याचं काय झालं?" असे त्यांनी एकदाही विचारले नाही. अंतर्गत पाहणीत अठ्ठ्याऐंशी टक्के कर्मचाऱ्यांनी नवे अध्यक्ष अधिक संवेदनशील असल्याचे मत नोंदवले. (उरलेल्या बारा टक्क्यांना काटे लागले होते.)

अध्यक्षांचे मत कसे ओळखायचे, ह्याची संहिता मॅडमनी बांधून दिली. प्रस्ताव वाचताना पाने स्थिर राहिली तर मंजूर. पान हलले तर फेरविचार. पान गळले तर नामंजूर, आणि त्यावर अपील नाही. इतकी स्वच्छ कार्यपद्धती त्या कार्यालयाने पूर्वी पाहिली नव्हती. फक्त एक झाले. अध्यक्षांच्या डोक्यावर नेमका छताचा पंखा होता.

पंखा एकवर असला की अध्यक्ष शांत असत. दोनवर त्यांची चलबिचल सुरू होई. तीनवर ते कशालाच तयार नसत. दिवस उकाड्याचे. बांधकाम विभाग पंखा बंद करून, शर्ट अंगाला चिकटेपर्यंत घामाने निथळत, घरांचे प्रस्ताव मांडी. उद्यान विभागाचे प्रमुख रेग्युलेटरजवळ बसत आणि "काय कोंदतंय हो," म्हणत कळ फिरवीत. रेग्युलेटरजवळच्या खुर्चीसाठी लोक सकाळपासून रुमाल टाकून जागा धरू लागले. उद्यानप्रमुख अंगाने भारदस्त आणि उकाड्याला हळवे होते, त्यामुळे शहराचे भवितव्य हळूहळू हिरवाईकडे झुकत गेले.

पहिल्याच सभेत टेकडीला दृष्टीचा हक्क मिळाला. टेकडीवरून वृक्ष दिसला पाहिजे, वृक्षावरून नाला, आणि नाल्यातून टेकडी. मधे येणारी घरे पट्टीभाऊंनी खोडली. मग नाल्याला मोकळा श्वास घेता यावा म्हणून दोन्ही काठांवर रुंद पट्टे सोडले. (ज्यांनी नाला जवळून पाहिला होता त्यांना, श्वास नेमका कुणी घ्यायचा आहे, हे कळेना.) वृक्षाला एकांत मिळाला. बेडकांना शांतता क्षेत्र मिळाले. फुलपाखरांना स्वतंत्र मार्ग मिळाला, तोही जाण्याचा वेगळा आणि येण्याचा वेगळा, कारण समोरासमोरच्या धडका टाळणे हे कोणत्याही सुजाण वाहतूक आराखड्याचे कर्तव्यच आहे. पाखरांना घरट्यात अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून वृक्षाकडे तोंड असलेल्या सगळ्या खिडक्या रद्द झाल्या.

तीनशेची दीडशे घरे झाली, दीडशेची साठ, साठांची एकोणीस. ह्याला कुणी घट म्हणेल. कार्यालय तसे म्हणत नव्हते. दर घरामागे झाडे किती, हा खरा आकडा, आणि तो प्रत्येक सभेला सुधारत होता. एकही झाड न लावता तो वाढत होता, हे तर विशेषच. एकोणीस घरांवर गाडी आली तेव्हा साहेबांनी तो आकडा दोनदा मोठ्याने वाचला आणि अध्यक्षांकडे कृतज्ञतेने पाहिले. आणखी थोडी घरे कमी केली तर ह्या आकड्यात आपल्या जवळपास दुसरे कुठलेही शहर फिरकणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळले असते.

पट्टीभाऊंचे कोपऱ्यातले घर त्या एकोणिसात टिकून होते. ते टिकावे म्हणून घरी जाताना ते वाटेत मनोमन हात जोडत. पण उरलेल्या घरांनी भूदृश्यात विरघळायचे होते, आणि विरघळणे सोपे नसते.

"आज आपली खोली कुठवर आली?" संध्याकाळी बायको भाजी निवडता निवडता विचारी.

"आहे. खिडकी गेली फक्त. पाखरांना लाज वाटते."

"पाखरांना?"

"मॅडम म्हणाल्या."

"बरं बाई. दार आहे ना? मग चालेल."

पुढच्या सभेनंतर पट्टीभाऊ म्हणाले, "खोली जराशी अरुंद झाली. फुलपाखरं जाणारेत तिथनं."

"पोरगी मावेल ना पण?"

"आडवी मावेल."

"अहो, अभ्यास बसून करतात!"

त्याच्या पुढच्या सभेनंतर ते बूट न काढता तसेच दारात बसून राहिले. बायकोने पाणी आणून दिले. "काय झालं?"

"भिंत गेली."

"कुठली?"

"दार होतं ती."

"अगं बाई! आणि दार?"

"दार आहे," पट्टीभाऊ म्हणाले. "नुसतं आहे."

वॉशिंग मशीनवरून लेकीने डोके वर काढले. "बाबा, नुसत्या दारालासुद्धा कडी असते का हो?" ती थट्टा करत नव्हती, खरेच विचारत होती. आयुष्यभर लोकांची घरे काढली, आणि स्वतःच्या पोरीची खोली स्वतःच्याच हाताने, स्वतःच्याच रबराने खोडतोय आपण! त्यांना त्या रबराचा असा संताप आला की ते त्यांनी खिशातून काढून कोपऱ्यात भिरकावले. मग उठून पुन्हा खिशात ठेवले, कारण ते कार्यालयाचे होते.

आणि त्यांनी ठरवले, की आता वाकडी वाट धरायची. अध्यक्षांना खाऊ घालायचे.

पट्टीभाऊंनी जन्मात कधी लाच दिली नव्हती. कशी देतात, किती देतात, देताना कुठे पाहायचे असते, काही म्हणता काही ठाऊक नव्हते. रोपवाटिकेतून त्यांनी खताची मोठी पुडी आणली. जेवणाच्या सुट्टीत सभागृहात कुणी नाही असे पाहून ते आत शिरले, दार लोटले आणि अध्यक्षांपुढे उभे राहिले. लाच द्यायची तर दोन शब्द बोलायला हवेत, एवढे त्यांना अंदाजाने कळत होते.

"साहेब, माझं काही म्हणणं नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "टेकडी तुमची, नाला तुमचा, फुलपाखरं तुमची. फक्त उद्या विषय क्रमांक चार निघाला की तेवढं जरा गप्प बसा. पोरगी हुशार आहे हो माझी."

पुडीवर छापले होते, की कुंडीला महिन्यातून एक चमचा पुरे. पण चमचा हे माप साध्या कुंडीचे झाले, आणि समोर तर अध्यक्ष. हुद्द्याप्रमाणे द्यावे लागते, एवढे ऐकून ऐकून त्यांना माहीत होते. त्यांनी अख्खी पुडी रिकामी केली, वर तांब्याभर पाणी ओतले आणि घाम पुसत बाहेर पडले.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. पुढे चौकशीत असे निघाले, की त्याच आठवड्यात बांधकाम विभागानेही अध्यक्षांना एक पुडी घातली होती. उद्यान विभागाने दोन घातल्या होत्या. सचिवांनी स्वतःच्या बढतीसाठी शेणखत आणून घातले होते. संचालकसाहेबांनी नेमके काय घातले ते त्यांच्या हुद्द्यामुळे नोंदवलेले नाही. इतके खाऊन आधीचे सगळे अध्यक्ष ठणठणीत राहिले होते. पण हे पडले झुडूप.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. पट्टीभाऊंनी आधीच येऊन रेग्युलेटरजवळची खुर्ची धरली होती आणि पंखा बंद होता. उद्यानप्रमुख वहीने वारा घेत होते, तेही अध्यक्षांपासून लांब धरून. एक, दोन आणि तीन हे विषय पार पडले. सचिवांनी चष्मा पुसला.

"विषय क्रमांक चार. उर्वरित एकोणीस घरांत प्रत्येकी एक खोली चारही भिंतींसह ठेवण्यास अनुमती देणे."

पान हलले नाही. सचिवांनी पेन टेकवले, 'मंजूर'मधला 'मं' लिहिला, आणि अध्यक्षांचे एक पान टेबलावर पडले. मग दुसरे पडले. मग खालच्या फांदीची सगळी, मग वरची, आणि मग जी उरली होती तीही, चहाच्या कपात, बिस्किटांवर, साहेबांच्या फाइलवर. सगळे संपले तेव्हा कुंडीत एक काटेरी काडी उभी होती.

"मी पंधरा देशांत काम केलंय," मॅडम रुमालाने डोळे टिपत म्हणाल्या, "पण भूदृश्याला इतकं स्पष्ट बोलताना कधी ऐकलं नव्हतं."

संहितेनुसार एक पान म्हणजे एक नकार. पाने मोजली तर ती घरांपेक्षा किती तरी जास्त भरली. म्हणून एकोणीसच्या एकोणीस घरे नामंजूर झाली, आणि उरलेले नकार वाया जाऊ नयेत म्हणून पुढल्या प्रकल्पाकडे वर्ग करण्यात आले.

अशा रीतीने जगाला एकही घर नसलेली पहिली वसाहत मिळाली. तिचे गुण कितीही गावे तेवढे थोडेच. ह्या वसाहतीत गळती नाही. पार्किंगवरून भांडणे नाहीत. वरच्या मजल्यावरचे लोक फर्निचर सरकवत नाहीत. रहिवाशांची एकही तक्रार नाही. दर घरामागे झाडे किती, ह्या रकान्यात गणकयंत्राने उत्तर द्यायलाच नकार दिला, तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हस्ताक्षरात 'अनंत' असे लिहिले. दोन पारितोषिके लगेच जाहीर झाली. तिसऱ्याच्या परीक्षकांनी आणखी घरे कमी करता येतील का, असे विचारले आहे.

पट्टीभाऊंनी कोऱ्या कागदाभोवती सुबक चौकट काढली. एवढेच काम उरले होते.

पण अजून एक औपचारिकता बाकी होती, जनसुनावणीची. नियम असा की, भर सभेत एका नागरिकाने 'घरे इथेच व्हावीत' अशी मागणी करायची आणि दुसऱ्या एका नागरिकाने तिला अनुमोदन द्यायचे. एवढे झाले की अध्यक्षांचा निर्णय आपोआप रद्द. एक मागणारा, एक दुजोरा देणारा! पट्टीभाऊंच्या जिवात जीव आला. कर्मचारी म्हणून त्यांना बोलायला बंदी होती. त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितले.

"मी? माइकवर?" ती म्हणाली. "मला नाही बाई जमायचं." मग तिने वॉशिंग मशीनकडे पाहिले. "कधी आहे?"

सभागृह खच्चून भरले होते. माणसे सगळी भली होती. बहुतेक त्या मोकळ्या जागेसमोरच्या शेवटच्या रांगेतल्या इमारतींत राहणारी. निवृत्त प्राध्यापक होते, दंतवैद्यबाई होत्या, रोज सकाळी नाल्याकाठी चालायला जाणारे (नाकाला रुमाल लावून) एक मंडळ होते. अध्यक्ष व्यासपीठावर होते. ते वाळल्यापासून त्यांच्या मताला वजन आले होते.

बायको माइकसमोर उभी राहिली. पदराचे टोक दोन्ही हातांनी घट्ट धरले. "मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "माझ्या पोरीची यंदा मोठी परीक्षा आहे. ती वॉशिंग मशीनवर अभ्यास करते. मशीन चालू झालं की थांबते, बंद झालं की परत लिहिते. कुरकुर करत नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं. आम्हाला फार काही नको. तिला एक खोली हवी, तिचं दार लागायला हवं. बाहेर झाडं असली तर चांगलंच आहे, कुणाला नको असतात? पण आत कुणीतरी राहायला पाहिजे ना हो?"

आणि ती खाली बसली. टाळ्यांचा कडकडाट झाला. दंतवैद्यबाईंनी डोळे पुसले. चालायला जाणाऱ्या मंडळाने तर उभे राहून टाळ्या वाजवल्या. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पट्टीभाऊंना हुंदका आवरेना.

"अनुमोदन?" सचिवांनी विचारले.

प्राध्यापक उभे राहिले. पट्टीभाऊंनी मुठी आवळल्या.

"ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे," प्राध्यापक म्हणाले. "हा समाजाचा प्रश्न आहे. घरं झालीच पाहिजेत. माझा संपूर्ण पाठिंबा आहे." त्यांनी घसा साफ केला. "फक्त इथे नकोत. थोडी पलीकडे."

"पलीकडे! बरोबर!" दंतवैद्यबाई म्हणाल्या.

"पलीकडे!" सगळे सभागृह म्हणाले.

"पलीकडे म्हणजे कुठे?" बायकोने विचारले.

सगळ्यांनी हात करून दाखवले. प्रत्येकाचा हात आपापल्या घराच्या विरुद्ध दिशेला होता, त्यामुळे सभागृहात एकही दिशा उरली नाही.

"तिथे आम्ही राहतोच आहोत की," प्राध्यापकांच्या हाताकडे पाहत बायको म्हणाली.

"मग झालं तर!" प्राध्यापक म्हणाले, आणि सभेने मोकळेपणाने निःश्वास टाकला. प्रश्न इतका सहज सुटेल असे कुणालाच वाटले नव्हते. निर्भीडपणे बोलल्याबद्दल बायकोला समितीतर्फे एक रोप भेट देण्यात आले.

रोपाला उजेड लागतो. पट्टीभाऊंच्या घरात उजेड येतो ती जागा एकच, वॉशिंग मशीनची. आईने ते तिथेच ठेवले आणि म्हणाली, "छान दिसतं हो. खोली भरल्यासारखी वाटते." लेक आता बाथरूममध्ये बादली उपडी घालून तिच्यावर बसते आणि मांडीवर पाट ठेवून गणिते सोडवते. कुणी दार वाजवले की उठून बाहेर येते, उभ्या उभ्या वाट पाहते आणि पुन्हा आत जाते. पट्टीभाऊंना तिकडे बघवत नाही. ते टीव्हीकडे बघतात. कोण कुणाला फसवतंय, ते त्यांना अजून नीट कळलेले नाही.

प्रकरण मात्र बंद झालेले नाही. अनुमोदक मिळेपर्यंत जनसुनावणी तहकूब समजावी, असा नियमच आहे, आणि अनुमोदक कोणत्याही शहराचा चालतो. तुम्हीसुद्धा चालाल. त्या सभागृहातल्या माणसांना तुम्ही आत्ताच मनसोक्त हसलात, तेव्हा तुम्ही त्यांच्यातले नाही हे उघडच आहे. फार काही करायचे नाही. तुमच्या खिडकीसमोर जी मोकळी जागा आहे, तिथे पट्टीभाऊंचे घर आलेले चालेल, एवढेच म्हणायचे.

हे वाचताना तुम्ही मान वर करून खिडकीकडे पाहिलेत. बोलला काहीच नाहीत. सचिवांनी ते हरकत म्हणून नोंदवून घेतले आहे.